वॉल्ट्झची पहिली सहा पावलं: बॉक्स स्टेप नीट कशी शिकावी

बॉलरूम नृत्य शिकायला बसणाऱ्याने सुरुवात स्लो वॉल्ट्झने करावी, असं आम्ही आग्रहाने सांगतो. त्याची लय सरळ आहे: एका मात्रेला एक पाऊल. चाचाचात मात्रेचे तुकडे करावे लागतात, फॉक्सट्रॉटमध्ये संथ आणि जलद पावलं मिसळलेली असतात. वॉल्ट्झमध्ये यातलं काहीच नाही. तरीही पहिल्याच दिवशी बहुतेक जोड्या चौथ्या पावलाला अडखळतात. दोष चौथ्या पावलाचा नसतो. तिसऱ्या पावलाला पाय जवळ आलेला असतो, पण त्या पायावर वजन आलेलं नसतं.

ही गोष्ट सगळ्यात आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नाचात पाऊल म्हणजे पाय हलवणं नव्हे, शरीराचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं. वॉल्ट्झमध्ये तीन-तीन पावलांचे गट असतात. तीन ही विषम संख्या, त्यामुळे पहिला गट डाव्या पायाने सुरू झाला तर दुसरा आपोआप उजव्याने सुरू होतो. पण तिसऱ्या पावलाला डावा पाय नुसता उजव्याशेजारी टेकवला आणि वजन उजव्यावरच राहिलं, तर चौथ्या मात्रेला उजवा पाय उचलताच येत नाही. मग माणूस घाईने पुन्हा डावाच पाय काढतो, आणि समोरचा जोडीदार बरोबर असूनही दोघांची टक्कर होते.

तपासायची रीत सोपी आहे. तिसऱ्या पावलाला थांबा आणि जो पाय यानंतर निघणार आहे तो जमिनीपासून दोन बोटं वर उचला. शरीर न झुकवता उचलता आला तर वजन योग्य पायावर आहे. उचलताना आधी बाजूला कलावं लागलं, तर वजन अधांतरी आहे. सरावाच्या पहिल्या आठवड्यात ही तपासणी दर गटानंतर करावी. ती वेळखाऊ वाटते, पण नंतरचे कितीतरी तास वाचवते.

ताल ऐकणं

वॉल्ट्झ तीन मात्रांचा आहे. पहिली मात्रा जड, बहुधा खालच्या सुरातल्या वाद्याची. दुसरी आणि तिसरी हलकी. दादरा कानात बसलेला असेल तर काम अर्धं झालं, कारण बॉक्स स्टेप म्हणजे पावलांनी जमिनीवर काढलेला चौकोन, तो पूर्ण सहा पावलांचा असतो आणि दादऱ्याचं एक आवर्तनही सहा मात्रांचं, तीन-तीनच्या दोन भागांचं. लीडरचा, म्हणजे जोडीत दिशा ठरवणाऱ्याचा, डावा पाय समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, पुढे जातो आणि उजवा पाय खालीला, म्हणजे चौथ्या मात्रेला, मागे जातो, एवढं लक्षात ठेवलं की चौकोनात आपण कुठे आहोत हे चुकत नाही. फक्त लय ठाय, म्हणजे संथ हवी. स्पर्धेतला स्लो वॉल्ट्झ मिनिटाला 28 ते 30 गट, म्हणजे 84 ते 90 मात्रांच्या वेगाने चालतो. सुरुवातीला मेट्रोनोम 70 वर ठेवा, किंवा नुसतं तोंडाने मोजा.

संगीत निवडताना एक फसगत हमखास होते. वॉल्ट्झ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ रचना व्हिएनीज वॉल्ट्झच्या असतात. त्यांचा वेग मिनिटाला 58 ते 60 गट, म्हणजे जवळपास दुप्पट. मात्रा तीनच असल्यामुळे कानाला त्या ओळखीच्या वाटतात, पण त्या वेगात बॉक्स स्टेप धावाधाव होऊन बसते आणि पाय जवळ आणायला वेळच उरत नाही. रचना सुरू करा, घड्याळ लावा आणि मिनिटभरात ‘एक’ किती वेळा येतो ते मोजा. तीसच्या आसपास आला तर ती कामाची.

मोजताना आणखी एक सवय आड येते. तिसऱ्या पावलाला पाय जुळतात, त्यामुळे काहीतरी पूर्ण झाल्यासारखं वाटतं आणि माणूस क्षणभर थांबतो. नकळत चौथी रिकामी मात्रा तयार होते. तीननंतर लगेच ‘एक’ आहे, मध्ये काही नाही. ‘एक’ मोठ्याने म्हणा, ‘दोन-तीन’ हळू म्हणा. ही खोड त्याने लवकर जाते.

पायात काय, पायाखाली काय

रबरी तळव्याचे खेळाचे बूट नाचायला घालू नयेत. रबर जमीन धरून ठेवतं. वळताना शरीर फिरतं, पाऊल तिथेच राहतं आणि पीळ गुडघ्यात जातो. नुसते मोजे घालून गुळगुळीत फरशीवर नाचणं याच्या उलट टोकाचं, आणि तितकंच धोक्याचं. नाचाच्या बुटांना खरखरीत चामड्याचा म्हणजे स्वेडचा तळवा असतो, तो घसरतोही आणि धरतोही. ते लगेच घ्यायलाच हवेत असं नाही. साध्या चामड्याच्या तळव्याचे, टाच घट्ट धरणारे बूट चालतात. मागून उघड्या चपला मात्र नकोत, कारण मागे पाऊल टाकताना त्या पायातून निसटतात. स्वेडचा तळवा गुळगुळीत झाला की तारेच्या ब्रशने घासून घ्यायचा, आणि तो ओल्या जमिनीवर न्यायचा नाही.

जागा दोन मीटर लांब-रुंद असली तरी पुरते. जमिनीवर चिकटपट्टीने साधारण 40 सेंटीमीटर बाजूचा चौकोन आखा. उंच माणसाने थोडा मोठा आखावा, पण फार नाही. मोठी पावलं ऐटदार दिसतील या समजुतीने नवशिके चौकोन वाढवतात आणि मग दुसऱ्या पावलाहून तिसऱ्याला पाय वेळेत जवळ येत नाही.

सहा पावलं

आधी एकट्याने. लीडरने पाय जुळवून, वजन उजव्या पायावर घेऊन उभं राहावं. गुडघे ताठ नकोत, किंचित सैल.

1. डावा पाय सरळ पुढे. टाच आधी टेकते, मग पूर्ण पाऊल.
2. उजवा पाय डाव्याच्या जवळून पुढे आणून उजवीकडे बाजूला. चवड्यावर.
3. डावा पाय उजव्याशी जुळवा, वजन डाव्यावर घ्या, आणि मग टाच खाली आणा.
4. उजवा पाय सरळ मागे. चवडा आधी टेकतो, टाच नंतर.
5. डावा पाय उजव्याच्या जवळून मागे आणून डावीकडे बाजूला. चवड्यावर.
6. उजवा पाय डाव्याशी जुळवा, वजन उजव्यावर, टाच खाली.

निघालो तिथेच परत आलो आणि डावा पाय मोकळा आहे, म्हणजे चौकोन बरोबर झाला.

फॉलोअरची, म्हणजे लीडरच्या इशाऱ्याने चालणाऱ्या जोडीदाराची, पावलं हीच, फक्त सुरुवात दुसऱ्या अर्ध्या भागापासून. वजन डाव्या पायावर घेऊन उभं राहायचं. 1 ला उजवा पाय मागे, 2 ला डावा पाय डावीकडे, 3 ला उजवा डाव्याशी जुळवून वजन उजव्यावर. 4 ला डावा पाय पुढे, 5 ला उजवा पाय उजवीकडे, 6 ला डावा उजव्याशी जुळवून वजन डाव्यावर. दोघांनीही दोन्ही भूमिका शिकून घ्याव्यात. ज्याने मागे पाऊल टाकून पाहिलंय, त्याला पुढे टाकताना समोरच्याला किती जागा लागते ते नेमकं कळतं.

दुसऱ्या पावलाकडे जरा थांबून पाहू. पहिल्यानंतर उजवा पाय मागे राहिलेला असतो. तो तिथूनच तिरका बाजूला फेकला तर शरीराचा तोल त्याच्यासोबत जातो आणि चौकोनाचा त्रिकोण होतो. त्याने आधी डाव्या पायाच्या घोट्याजवळून जायचं, म्हणजे शरीराच्या खालून, आणि मगच बाजूला. पायाची वाट काटकोनी असावी. सावकाश करताना घोट्याला घोटा हलका स्पर्शून गेला तर उत्तमच. पाचव्या पावलालाही तोच नियम.

मागे पाऊल टाकताना बहुतेकांचा पाय गुडघ्यातून वाकतो आणि पाऊल तोकडं पडतं. मागचं पाऊल नितंबाच्या सांध्यातून लांबवायचं असतं: पाय मागे पसरतो, चवडा टेकतो, आणि वजन मागे सरकत असताना पुढच्या पायाचा चवडा सुटून तो टाचेवर येतो. फॉलोअरचं पहिलं पाऊल तोकडं पडलं की लीडरला पाय ठेवायला जागा नसते. पायावर पाय पडतो तेव्हा दोष पुढे येणाऱ्याला दिला जातो. पुष्कळदा तो मागच्या तोकड्या पावलाचा असतो.

खाली पाहू नका. मान झुकली की डोक्याचं वजन पुढे जातं आणि तोल चवड्यावर ढकलला जातो. पावलं तपासायची असतील तर फोन जमिनीजवळ ठेवून कमरेखालचं चित्रण करा आणि नंतर पाहा.

चढ आणि उतार

वॉल्ट्झ पाहताना जी लाट दिसते ती पायांतून येते. पहिल्या पावलाला शरीर खाली असतं. पहिलं संपता-संपता वर जाऊ लागतं. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात चढत राहतं. आणि तिसरं संपताना, पाय जुळल्यानंतर, टाच हळूच उतरते. ‘खाली, वर, वर’ असं म्हणत सराव केला तर चालतं, मात्र उतरणं तिसऱ्याच्या शेवटी आहे, चौथ्याच्या सुरुवातीला नाही, हे विसरू नये. उशिरा उतरलं तर पुढचं पाऊल ताठ गुडघ्याने पडतं आणि लाटेच्या जागी धक्का बसतो.

सहा पावलं न मोजता बरोबर पडू लागेपर्यंत चढउतार करूच नका, म्हणजे वरच्या यादीतलं ‘चवड्यावर’ आणि ‘टाच खाली’ तोवर बाजूला ठेवा. सपाट पावलांत वजन पक्कं होऊ दे. मग भिंतीला हात टेकून, पाय जुळवून उभे राहा: एकला गुडघे सैल, दोनला टाचा उचलत चढा, तीनला पूर्ण वर, आणि तीन संपताना टाचा जमिनीवर. दहा-बारा वेळा केल्यावर पोटऱ्या ओढल्यासारख्या वाटल्या तर काम योग्य जागी चाललंय. चढ खांद्यांतून आला, म्हणजे खांदे कानांकडे गेले, तर तो चढ नव्हे. उतारातही कमरेत वाकायचं नाही. गुडघे आणि घोटे सैल सोडले की पाठ सरळ ठेवून खाली येता येतं.

आणि इथे पुन्हा तिसरं पाऊल. चवड्यावर उंच असताना वजन बदलणं सपाट पायापेक्षा अवघड, म्हणून चढउतार सुरू केला की आधी सुटलेली चूक परत येते. तसं झालं तर दोन दिवस पुन्हा सपाट पावलांवर जावं.

धरणं आणि सांगणं

जोडीने उभं राहताना अगदी समोरासमोर उभं राहू नये. दोघांनीही आपापल्या किंचित डावीकडे सरकायचं, इतकं की प्रत्येकाचा उजवा पाय समोरच्याच्या दोन पायांच्या मधल्या जागेकडे रोखलेला असेल. पायावर पाय पडण्याची निम्मी प्रकरणं एवढ्यानेच मिटतात. दोघांमध्ये सुरुवातीला वीतभर अंतर असू द्या.

लीडरचा उजवा तळहात फॉलोअरच्या डाव्या खांद्याच्या फऱ्यावर, बोटं जुळलेली. फॉलोअरचा डावा हात लीडरच्या उजव्या दंडावर, खांद्याचा स्नायू जिथे संपतो तिथे, अलगद टेकलेला. दुसऱ्या बाजूचे हात एकमेकांत, दोघांपैकी बुटक्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. कोपरं पडू देऊ नका, पण आवळूनही ठेवू नका. या सगळ्या आकाराला फ्रेम म्हणतात. दोघांची नजर समोरच्याच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे.

फ्रेम ताठ कशासाठी? लीडरचं शरीर हललं की ते फॉलोअरला पाठीवरच्या हातातून लगेच कळावं म्हणून. हात सैल पडले की निरोप वाटेतच विरतो. मग लीडर हातांनी ढकलू-ओढू लागतो आणि फॉलोअर तोल सावरायला हात आवळते किंवा आवळतो. दोघांचेही खांदे दुखू लागतात. लीड, म्हणजे पुढच्या पावलाचा इशारा, हातांनी द्यायची नसते. पहिल्या पावलाआधी लीडर गुडघे किंचित सैल करतो, छाती आणि पोट पुढे निघतात, आणि पाय त्यांच्यामागून जातो. पाय आधी आणि शरीर नंतर निघालं, तर फॉलोअरला काही कळायच्या आत पाऊल तिच्या किंवा त्याच्या बोटांवर असतं.

फॉलोअरचं काम वाट पाहण्याचं, आणि ते सोपं नाही. पुढचं पाऊल माहीत असताना ते आधीच टाकण्याचा मोह होतो. डोळे मिटून दोन-तीन चौकोन करून पाहावेत. लीड कुठे स्पष्ट आहे आणि कुठे केवळ अंदाजाने चाललंय, ते दोघांनाही चटकन समजतं. फ्रेम जमेपर्यंत एकमेकांचे कोपराखालचे हात धरून सराव केला तरी चालतो.

चौकोन फिरवणं

जागच्या जागी चौकोन स्थिरावला की तो डावीकडे वळवा. पुढे जाणाऱ्या पहिल्या पावलाला लीडरच्या डाव्या पायाचा अंगठा किंचित डावीकडे वळलेला पडतो, दुसऱ्या पावलापर्यंत शरीर वळून होतं, तिसऱ्याला नुसतं जुळायचं. मागे जाणाऱ्या चौथ्या पावलाला उजव्या पायाचा अंगठा आत, डावीकडे वळलेला. फॉलोअरचंही तेच, उलट क्रमाने. दर तीन पावलांना पाव वळण घेतलं तर बारा पावलांत पूर्ण फेरी होते. सुरुवातीला पाव वळण जड जातं. त्याच्या निम्मं घ्या, फेरी चोवीस पावलांत होऊ दे.

वळण पहिल्या आणि दुसऱ्या पावलाच्या मध्ये होतं. तिसऱ्यावर, पाय जुळल्यानंतर, उरलेलं वळण पिळून पूर्ण करू नये. गुडघे त्यासाठी बनलेले नाहीत, शिवाय वजन नेमकं तिथेच डळमळतं.

जागेवरून पुढे

चौकोनाने माणूस जागच्या जागी राहतो, आणि वॉल्ट्झ हे तर हॉलभर फिरणारं नृत्य. म्हणून पुढची पायरी अशी: लीडरने चौकोनाचा पुढचा अर्धा भागच पुन्हा पुन्हा करायचा, एकदा डाव्याने, एकदा उजव्याने. डावा पुढे, उजवा बाजूला, डावा जुळला. उजवा पुढे, डावा बाजूला, उजवा जुळला. फॉलोअरला तितकी पावलं मागे घ्यावी लागतात: उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जुळला, डावा मागे, उजवा बाजूला, डावा जुळला. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या वॉल्ट्झमध्ये शिकवण या पावलांपासूनच सुरू होते. चौकोन हा अमेरिकन पद्धतीचा पाया. तिसऱ्या पावलाचं वजन चौकोनात पक्कं झालं असेल तर हे अर्ध्या तासात येतं.

हॉलमध्ये सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. पुढे सरकणाऱ्यांसाठी कडेची वाट मोकळी ठेवायची असते. चौकोनच करायचा असेल तर मध्यभागी जावं. समोरची जोडी अचानक थांबली, तर एक उपयोगी तोड आहे: 1 ला डावा पाय पुढे, 2 ला उजवा पाय त्याच्याशेजारी आणून वजन न देता नुसता टेकवायचा, 3 ला तसंच थांबायचं, मग 4 ला तोच उजवा पाय मागे, 5 ला डावा शेजारी टेकवायचा, 6 ला थांबायचं. फॉलोअरने हेच उजव्याने मागे, डाव्याने पुढे असं करायचं. वॉल्ट्झमध्ये पाय जवळ आणूनही वजन मुद्दाम न बदलण्याची जागा ही. चौकोनातलं तिसरं पाऊल आणि हा थांबा यांतला फरक पायाला न बोलता कळू लागेपर्यंत दोन्ही आलटून-पालटून करावेत: दोन चौकोन, एक थांबा, पुन्हा दोन चौकोन, रोज पंधरा मिनिटं.